काचेआडची तक्रार

गेल्या हिवाळ्यातल्या एका रात्री इंग्लंडहून आमच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या मोठ्या आपाचा हा मुलगा, वय वर्षे तेरा. सलाम-दुवा झाली न झाली तोच त्याने मोबाइल टेबलावरच्या काचेच्या पेटीकडे वळवला. पेटीत दोन-अडीच हात लांबीचा एक साप होता. काचेला नाक लावून तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकत होता, कोपऱ्यात उभा चढत होता, घसरून खाली येत होता आणि पुन्हा तेच. नाकाचा शेंडा घासून लालसर झालेला दिसत होता. "खाला, चार रात्री झाल्या, हा असाच करतो. तुम्ही टीचर आहात ना? सांगा, याला काय झालं आहे?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सापाचे हृदय तीन कप्प्यांचे असते, त्याचे रक्त थंड म्हणतात ते का, एवढे आम्हाला फळ्यावर लिहून देता येते. परंतु समोरचा साप बेचैन का आहे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

त्या घरात मात्र या प्रश्नाची तीन उत्तरे आधीच तयार होती. आपाच्या सासूबाईंचे म्हणणे, त्याने डूख धरला आहे. पोराने त्याला कधीतरी दुखावले असणार, आता तो संधी शोधतो आहे. दुल्हेभाईंचे म्हणणे, मूजी जनावर ते मूजीच. वाढदिवसाचा हट्ट म्हणून घेऊन दिला ही आपली चूक झाली, आता तो परत देऊन टाकावा. आणि भाच्याचे म्हणणे, साप त्याच्यावर प्रेम करतो, त्याला एकट्याला करमत नाही, बाहेर येऊन त्याच्या हातावर बसायचे आहे.

तिन्ही उत्तरे आम्ही ऐकून घेतली. नंतर विचार करता लक्षात आले की यातल्या एकाही उत्तरात साप नव्हता. एकात दादीची भीती होती, दुसऱ्यात बापाचा पश्चात्ताप होता आणि तिसऱ्यात मुलाचा एकटेपणा होता. दुसऱ्याच्या अस्वस्थतेकडे पाहताना आपण बहुधा आपलेच तोंड पाहत असतो. काच त्यासाठी फार सोयीची असते.

मग हा साप आहे तरी कोण, हे आधी समजून घेणे भाग होते. त्याला बॉल पायथन म्हणतात. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातला हा लहान बिनविषारी अजगर. घाबरला म्हणजे डोके मधोमध लपवून चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. दिवसा तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून राहतो, अंधार पडला की बाहेर येतो. त्याच्या डोळ्याला पापणी नाही. त्यामुळे रात्रभर जळणारा दिवा त्याला डोळे मिटून टाळता येत नाही. त्याला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जाते. हवेतला आवाजही सापांना काही प्रमाणात कळतो, हे २०२३ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. वास तो जिभेने गोळा करतो. ओठांवरच्या खळग्यांनी त्याला उष्णता जाणवते. स्वतःच्या अंगात ऊब निर्माण करण्याची सोय त्याला नाही. ऊब हवी असेल तर उबेकडे जावे लागते, नको असेल तर सावलीकडे. म्हणजे तुम्हाआम्हाला जे अंगातल्या अंगात करता येते, ते त्याला जागा बदलूनच करावे लागते. ज्याला जागा बदलूनच जगता येते, त्याला आपण जागा किती दिली आहे? आमच्या मते प्रश्नाची खरी सुरुवात इथे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्याला सापाविषयी काही विचारले नाही, पेटीविषयी विचारले. पेटी कुठे ठेवली आहे? जवळ काय आहे? दिवा केव्हा विझतो? लपायला जागा किती? गरम बाजू किती गरम आहे, मोजली आहे का? अंगावर तिळाएवढे काळे किडे दिसतात का? पाण्याच्या भांड्यात तो तासन्‌तास बसून राहतो का? डोळे निळसर, दुधाळ झाले आहेत का? तोंड उघडे ठेवून श्वास घेतो का? शेवटचे कधी खाल्ले? दिवसातून किती वेळा तू त्याला बाहेर काढतोस?

यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक कारण आहे. किडे असतील तर तो खाजेने तळमळतो आणि पाण्यात बुडून बसतो. डोळे दुधाळ झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे. तेव्हा तो खात नाही, लपून राहतो आणि नंतर खरबरीत जागा शोधून नाक घासतो. तोंड उघडे असेल तर फुप्फुसाचा आजार असू शकतो आणि मग उशीर न करता जनावरांचा डॉक्टर गाठावा लागतो. वयात आलेला नर वीण-हंगामात जेवण सोडून मादीच्या शोधात फिरतो. ती तर त्याची फितरत. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे एकसारखेच दिसते: साप फिरतो आहे. आतली कारणे मात्र दहा असू शकतात.

उत्तरे आली. किडे नव्हते, कात नव्हती, आजार नव्हता. पेटी कपडे धुण्याच्या यंत्राला लागून असलेल्या भिंतीशी होती. चारही बाजू उघड्या काचेच्या होत्या. लपायला एकच कवटी होती आणि ती नेमकी गरम बाजूला. खालच्या गरम गादीला थर्मोस्टॅट नव्हता; तापमापक लावला तेव्हा तिथे ४१ अंश भरले, जिथे ३१-३२ पुरे होतात. साप घरात येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि या दहा दिवसांत शाळेतले सगळे मित्र येऊन त्याला हातात घेऊन गेले होते. म्हणजे बिचाऱ्यापुढे दोनच मार्ग होते: लपावे तर भाजावे, नाही तर थंड बाजूला उघड्यावर बसून सर्वांच्या नजरा झेलाव्यात. तिसरा मार्ग शोधण्यासाठी तो रात्रभर काचेला नाक लावत होता. आणि आपण त्याला म्हणत होतो, डूख.

इथे आम्हाला लहानपणीचा गारुडी आठवला. पुंगीवर नाग डोलतो, असे आम्हाला सांगितले जाई आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. आता कळते की तो पुंगीच्या हलत्या टोकावर नजर ठेवून असे. फणा हे त्याचे घाबरून उभे राहणे होते. नागपंचमीला नाग दूध पितो, हेही असेच. दूध हे सापाचे अन्न नव्हे. अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला जीव समोर येईल ते पितो. भीतीला आपण नाच म्हटले, तहानेला भक्ती म्हटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरवला, ते योग्यच झाले. परदेशी जातींच्या सापांसाठीही २०२४ च्या नियमांनी नोंदणीची अट घातली आहे. पण कायदा ताब्याविषयी बोलतो. नजरेविषयी आपणच बोलले पाहिजे.

नजरेविषयी बोलायचे तर आमचा स्वतःचा एक कबुलीजबाब द्यावा लागेल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. एका जागी बसत नसे. उठायचा, बसायचा, पाठ भिंतीला घासायचा, शेजाऱ्याला कोपर लागायचे, भांडण व्हायचे. बी.एड.ला आम्ही 'वर्तनसमस्या' या मथळ्याखाली टिपणे पाठ केली होती. त्यातला एक शब्द उचलून आम्ही या मुलाला चिकटवला. त्याला दाराजवळ उभे केले, वडिलांना बोलावले, वडिलांनी आमच्यासमोरच त्याला दोन ठेवून दिल्या. पुढे महिनाभराने शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. मुलाने सदरा वर केला तेव्हा पाठभर खरूज होती. घरात सहा माणसे एका खोलीत झोपत, सर्वांनाच होती. औषध आले, पंधरा दिवसांत मुलगा शांत झाला. आमच्या एका सहकाऱ्याने म्हटले, "बघा, शिस्त लागली." आम्ही काही बोललो नाही. त्याला शिस्त कधीच नको होती, त्याला मलम हवे होते. आणि त्याने ते महिनाभर त्याच्या परीने मागितलेही होते, भिंतीला पाठ घासून.

इस्लामी परंपरेत या गोष्टीचे एक फार मोठे उदाहरण आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ते आले आहे. हजरत मुहंमद पैगंबर (स.) एका अन्सारीच्या बागेत गेले. तिथे एक उंट होता. पैगंबरांना पाहताच तो कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पैगंबरांनी जवळ जाऊन त्याच्या कानामागे हात फिरवला, तेव्हा तो गप्प झाला. मग त्यांनी विचारले, हा उंट कोणाचा? एक तरुण पुढे आला. त्याला त्यांनी अल्लाहचे भय बाळगायला सांगितले, कारण उंटाची तक्रार होती की मालक त्याला उपाशी ठेवतो आणि कामाने थकवतो. ही हदीस आपण दया या विषयावरच्या तकरीरीत पुष्कळदा ऐकली आहे. परंतु तिच्यातला क्रम पाहावा. आधी जनावराजवळ जाणे, मग हात फिरवणे, आणि मग प्रश्न. तो प्रश्न उंटाला नाही, मालकाला आहे. उंट असा का वागतो, असे तिथे कोणी विचारत नाही. उंट कोणाचा, असे विचारले जाते.

यावर कोणी म्हणेल, उंट उपयोगी जनावर, त्याची गोष्ट वेगळी. सापाला तर मारण्याचीही परवानगी आहे. खरे आहे, हदीसमध्ये तशी परवानगी आहे. पण मदीनेतल्या घरांत दिसणाऱ्या सापांना आधी तीन दिवस इशारा द्यावा, अशीही हदीस आहे. आणि सहीह मुस्लिममध्ये अशीही शिकवण आहे की मारायचे झाले तरी चांगल्या रीतीने मारावे, सुरीला धार करावी, जनावराला यातना देऊ नयेत. म्हणजे जीव घेण्याच्या परवानगीतून छळाची परवानगी निघत नाही. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. दार तिने लावले होते. दार लावणाऱ्याने आतल्या जिवाचे सर्व काही आपल्या अंगावर घेतलेले असते. यालाच आपण अमानत म्हणतो. साप पाळावा की नाही, यावर अनेक उलेमांनी नको असाच कौल दिला आहे. आम्हाला इथे फतवा द्यायचा नाही, आमचा तो अधिकारही नाही. पण एकदा दार लावल्यानंतर, आत आहे ते मूजी आहे की मासूम, या प्रश्नाने जबाबदारी कमी होत नाही.

योगायोगाने इंग्लंडचा कायदाही हेच सांगतो. तिथल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात पाळीव प्राण्याच्या गरजा मोजून दिल्या आहेत: योग्य जागा, योग्य अन्न, आपल्या स्वभावाप्रमाणे वागता येणे, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि वेदना व आजारापासून संरक्षण. मूल सोळा वर्षांखालचे असेल तर प्राण्याची जबाबदारी त्याच्या पालकावर आहे. हे आम्ही दुल्हेभाईंना सांगितले तेव्हा ते हसले. "म्हणजे साप त्याचा आणि गुन्हा माझा!" मग जरा थांबून म्हणाले, "बरोबरच आहे म्हणा. दुकानात पैसे मीच दिले."

त्या आठवड्यात पेटी आतल्या खोलीत गेली. तीन बाजूंना जाड कागद लागला, दुसरी कवटी थंड बाजूला आली, थर्मोस्टॅट बसला, रात्रीचा दिवा बंद झाला. मित्रांना दोन आठवडे मनाई झाली. पाचव्या रात्री भाच्याचा फोन आला, "खाला, तो फिरतो आहे, पण काचेला नाक लावत नाही. नुसता फिरतो आहे." आम्ही त्याला सांगितले की हा प्राणी रात्री फिरणाराच आहे, फिरणे हा आजार नव्हे. फिरण्यात आणि बाहेर पडायची धडपड करण्यात फरक आहे आणि तो पाहूनच शिकावा लागतो.

ही गोष्ट इथे संपवता आली असती. पण दोन शंका उरतात आणि त्या टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली शंका बॉल पायथनच्याच एका रंगाची. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेले साप माणसाने जुगवून वाढवले. बाजारात त्यांना 'स्पायडर' म्हणतात. हे साप डोके डोलवतात, कधी उलटे करतात, भक्ष्यावर नेम धरताना चुकतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या आतल्या कानाचे क्ष-किरण चित्रण झाले आणि तोल सांभाळणारा कानाचा भागच सदोष घडलेला आढळला. जी जनुके नक्षी देतात, तीच हा दोष देतात. अशा सापासाठी पेटी कितीही बदला, दिवा विझवा, त्याची डळमळ थांबणार नाही, कारण ती पेटीत नाही, आपल्या आवडीत आहे. म्हणजे काही अस्वस्थता सोय करून जाते आणि काही अस्वस्थता अशी असते की ती जन्मालाच घालायला नको होती. दुसऱ्या प्रकारात समजून घेणे म्हणजे विकत न घेणे.

दुसरी शंका शांततेची. साप आता शांत आहे, पण शांत म्हणजे सुखी का? घाबरलेला बॉल पायथनही अगदी शांत असतो. गुंडाळी करून हलत नाही. नवखा माणूस म्हणतो, किती गरीब स्वभावाचा! थंडीने गारठलेला सापही शांतच असतो. आमच्या वर्गांतही अशी शांतता असते. छडीच्या भीतीने चाळीस मुले गप्प बसली की वरिष्ठ शेरा देतात, वर्ग उत्तम. आमच्या घरांतही असते. नवी सून खिडकीत उभी राहते, जेवत नाही, रात्री उठून फिरते. लगेच नजर लागली म्हणतात, आमिलाकडे नेतात, तावीज बांधतात. तिला विचारायला कोणी जात नाही. काही महिन्यांनी ती गप्प होते, आणि मग सगळे म्हणतात, रुळली. माणूस आणि साप यांची बरोबरी आम्ही करत नाही. सापाला तर जीभ असून बोलता येत नाही. ज्यांना बोलता येते त्यांच्याही बाबतीत आपण त्यांच्या तोंडून ऐकण्याऐवजी वागणुकीवर शिक्के मारतो, एवढेच म्हणायचे आहे.

म्हणून आम्हाला वाटते, अस्वस्थता हा अस्वस्थ जिवाचा गुन्हा मानण्याआधी ज्याच्या हातात कडी आहे त्याने स्वतःला काही विचारावे. मी याला काय दिले? काय दिले नाही? याच्या फितरतीत जे आहे त्यासाठी माझ्या पेटीत जागा आहे का? आणि नसेल, तर पेटी मोठी करण्याची माझी तयारी आहे का, की याला गप्प करण्याचीच? एवढे विचारूनही कधी उत्तर चुकेल. पण चूक झाली तर ती साप समजून घेताना होईल, सापाला नाव ठेवताना होणार नाही.

बॉल पायथन माणसाच्या घरी वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली होती. म्हणजे आमचा भाचा शिकून नोकरीला लागेल, त्याचे लग्न होईल, तरी हा साप त्याच्याजवळ असेल. आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा तो जरा गंभीर झाला. आता त्याने एक वही केली आहे. कोणत्या तारखेला खाल्ले, कात कधी टाकली, गरम बाजूला किती अंश, थंड बाजूला किती, रात्री किती वाजता बाहेर आला, सगळे लिहितो.

परवा त्याने विचारले, "खाला, आता तो खूश आहे का?"

आम्ही म्हणालो, "बेटा, वही लिहीत राहा."